बटण गेलं म्हणून मदरबोर्ड गेला असं नाही

पत्र: मी मिरजेत घरीच गाण्याचे वर्ग घेते. वय ६३. करोनाच्या काळात ऑनलाइन शिकवायला लागले, ते अजून सुरू आहे. तीन मुली समोर बसतात, चौघी लॅपटॉपवर. लॅपटॉप मुलाचा जुना आहे, विंडोज ११ चा. ब्लूटूथचा हेडफोनही त्याचाच. मुलगा पुण्याला असतो, शनिवार-रविवारी येतो. हेडफोन आठवडाभर नीट जुळायचा आणि शनिवार-रविवारी हटकून रुसायचा. शिवाय वर्ग सुरू झाला की मुलींचा आवाज डब्यात बसून गायल्यासारखा यायचा. तेही चालवून घेतलं. पण गेल्या सोमवारपासून ब्लूटूथ चालू करायचं बटणच लॅपटॉपवरून नाहीसं झालंय. गंमत म्हणजे वायरलेस माऊस चालतोय, वायफायही चालतंय. दुकानात दाखवलं तर म्हणाले, ब्लूटूथची चिप गेली, ती मदरबोर्डवर असते, साडेसात हजार होतील. भाचा म्हणतो, फॉरमॅट मार. इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधून फोन केला, तर त्या माणसानं मोबाईलवर एक ॲप घ्यायला सांगितलं. मला ते बरं वाटेना, फोन ठेवून दिला. काळी चार पट्टीच्या तंबोऱ्याचं एक रेकॉर्डिंग फोनवरून लॅपटॉपवर घ्यायचंय, तेही ब्लूटूथनं कधी गेलं नाही. काय करू? – एक गायन शिक्षिका, मिरज

ताई, नमस्कार.

त्या माणसाचा फोन तुम्ही ठेवून दिलात, फार बरं केलंत. इंटरनेटवर 'अमुक कंपनी कस्टमर केअर' असं शोधलं की वर दिसणारे सगळेच नंबर कंपनीचे नसतात. भामटेही आपले नंबर तिथे पेरून ठेवतात. लॅपटॉपची तक्रार असताना मोबाईलवर ॲप कशाला? त्या ॲपमधून तुमच्या फोनची स्क्रीन त्याला दिसू लागते आणि बँकेचा ओटीपी आला की तो तुमच्याआधी त्याच्या वहीत उतरतो. ॲप चुकून उतरलेलं नाही ना, तेवढं बघा. असेल तर काढून टाका, आणि खात्यातून काही गेलेलं दिसलं तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघावा.

आता साडेसात हजार. ते इतक्यात देऊ नका. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्यानं कदाचित नीट उघडून पाहिलंच नसेल. पण तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यानं माझी शंका बळावली: वायफाय चालतंय. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायची आणि ब्लूटूथची अशा दोन वेगळ्या चिपा नसतात. दोन्ही कामं टपालाच्या तिकिटाएवढं एकच कार्ड करतं. ते मदरबोर्डवरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट-पाटीवरच्या, एका खाचेत सरकवलेलं आणि एका स्क्रूनं धरलेलं असतं. काही अगदी पातळ लॅपटॉपमध्ये ते कायमचं डकवलेलं असतं, ही गोष्ट वेगळी. कार्डच मेलं असतं तर बहुधा वायफायही त्याच्याबरोबर गेलं असतं. आणि समजा खाचेतलं कार्ड बदलायची वेळ आलीच, तरी त्यासाठी मदरबोर्ड बदलावा लागत नाही. तंबोऱ्याची तार तुटली म्हणून भोपळा बदला असं सांगणारा कारागीर तुमच्या गावात एका दिवसात बदनाम होईल.

मग वायफाय आहे आणि ब्लूटूथ नाही, हे होतं कसं? कार्ड एक असलं तरी त्यातले दोन भाग लॅपटॉपशी दोन वेगळ्या वाटांनी बोलतात. वायफायची वाट बहुतेक ठिकाणी पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या आतल्या वेगवान जोडणीची. ब्लूटूथची मात्र यूएसबीची, म्हणजे पेन ड्राइव्ह आपण बाहेरून लावतो तसा ब्लूटूथचा भाग आतल्या आत लावलेला असतो. ही यूएसबीची वाट अधूनमधून अडकते. लॅपटॉप झोपेतून उठताना अडकते, विंडोजचं अपडेट चढताना अडकते, कधी काही कारण दिसत नाही तरी अडकते. मग विंडोजनं हाक मारली तरी ब्लूटूथ ओ देत नाही. ओ आली नाही की विंडोजच्या लेखी या लॅपटॉपला ब्लूटूथ नाहीच, आणि जे नाही त्याचं बटण ते दाखवत नाही. म्हणजे तुमच्या हातून काही दाबलं गेलं आणि बटण उडालं असं मुळीच नाही. पत्रात तुम्ही दोनदा 'माझंच काही चुकलं असेल' असं लिहिलं होतंत, ती वाक्यं मी छापताना गाळली.

माऊसची साक्ष इथे उपयोगाची नाही. तुमचा माऊस वायरलेस आहे खरा, पण ब्लूटूथचा नाही. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढा एक तुकडा खोचलेला असेल बघा. तो त्या माऊसचा खासगी रिसीव्हर. तो आणि माऊस कारखान्यातूनच एकमेकांना ओळखत येतात, त्यांना लॅपटॉपच्या ब्लूटूथची गरज नसते. माऊस आणि ब्लूटूथ दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यातच बोलतात, पण भाषा निराळी. म्हणून ब्लूटूथ ठार बंद असलं तरी तुमचा माऊस पळत राहील.

आता लॅपटॉपसमोर बसा. घाई नको, तुमचा वर्ग संध्याकाळी असतो, तर हे सकाळी करा.

उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी वायफाय, आवाज आणि बॅटरीची चिन्हं आहेत, त्यांवर क्लिक करा. एक छोटी खिडकी वर येते. तिच्यात विमानाच्या चित्राची चौकट रंगीत दिसत असेल तर 'एअरप्लेन मोड' चालू आहे, तो बंद करा. हा मोड चालू असतानाही वायफाय वेगळं चालू करता येतं, त्यामुळे 'वायफाय चालतंय म्हणजे विमान बंदच असणार' असं धरून चालू नका. कीबोर्डच्या वरच्या रांगेत विमानाचं चित्र असलेली कळ असते आणि साफसफाई करताना ती दाबली जाते. या छोट्या खिडकीतल्या चौकटी कधी नुसत्या खाली सरकलेल्या असतात, तेव्हा ती वर-खाली सरकवूनही पाहा. ब्लूटूथचं चिन्ह तुम्ही ओळखताच, ते टोकदार इंग्रजी 'बी'सारखं. दहाव्या शतकातल्या हाराल्ड ब्लोटान नावाच्या डॅनिश राजाच्या नावातली 'एच' आणि 'बी' ही रून नावाच्या जुन्या युरोपी लिपीतली दोन अक्षरं एकावर एक ठेवून ते केलंय. त्याच्या टोपणनावाचा अर्थ निळा दात. १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाच यांनी हे नाव कामापुरतं म्हणून सुचवलं होतं. चांगलं नाव नंतर शोधू म्हणाले, आणि तेच चिकटलं.

त्या छोट्या खिडकीत हे चिन्ह नसेल तर विंडोजची कळ आणि 'आय' एकत्र दाबून सेटिंग्ज उघडा. डाव्या बाजूला 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' असेल. त्या पानावर सगळ्यात वर ब्लूटूथ चालू-बंद करायची खिट्टी असायला हवी. तिथेही नाही म्हणजे वर सांगितलेलाच प्रकार. (विंडोज १० वापरणाऱ्या वाचकांनी 'डिव्हायसेस' मध्ये जावं. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही ध्यानात असू द्या.)

खात्री करायची असेल तर स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. यादी वर्णानुक्रमे असते. तिच्यात 'ब्लूटूथ' नावाची ओळ आहे का? नसेल तर अगदी खाली 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' उघडा. तिथे पिवळ्या त्रिकोणासकट 'अननोन यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ दिसली, तर तुमचा हरवलेला ब्लूटूथ बहुतेक तोच. ओळखपत्र विसरलेल्या माणसासारखा तिथे बसलाय.

आता उपाय. लॅपटॉप नुसता बंद करून परत चालू केला तर बऱ्याचदा काही होत नाही. याची कारणं दोन. एक, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. तिच्यामुळे 'शट डाउन' केल्यावरही विंडोज आपली बरीचशी अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच पुन्हा उघडतं. दोन, लॅपटॉप बंद दिसला तरी आतल्या काही भागांना थोडी वीज मिळतच राहते, त्यामुळे गोठलेला भाग गोठलेलाच राहतो. त्याला पूर्ण उपाशी ठेवावं लागतं.

तर असं करा. कीबोर्डवरची शिफ्टची कळ दाबून धरा आणि ती न सोडता 'शट डाउन' वर क्लिक करा. याने लॅपटॉप खरोखर पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. माऊसचा तो तुकडा, पेन ड्राइव्ह, जे जे खोचलेलं असेल ते सगळं काढा. मग लॅपटॉपचं चालू करायचं बटण दाबून धरा, चांगलं तीस-चाळीस सेकंद. मध्येच लॅपटॉप चालू होऊ लागला तरी सोडू नका, तो परत बंद होईल. नंतर दहा मिनिटं त्याला हात लावू नका. चहा करा. मग चार्जर लावून चालू करा.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे दोनदा झालंय. पहिल्या वेळी मला हा उपाय माहीत नव्हता आणि मी अख्खा रविवार ड्रायव्हर उतरवण्यात घालवला. दुसऱ्या वेळी चहा उकळेपर्यंत बटण परत आलं होतं.

नाही आलं, तर पुढची पायरी ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे ब्लूटूथशी कसं बोलायचं ते विंडोजला सांगणारा दुभाषा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथची ओळ दिसत असेल आणि अपडेटनंतरच बिघडलं असेल, तर तिच्यावर दोनदा क्लिक करून 'ड्रायव्हर' या भागात 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येतं. तो पर्याय फिका असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन, लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर टाकून, तुमच्याच मॉडेलचा ब्लूटूथ ड्रायव्हर उतरवून घ्या. 'तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट अद्ययावत करतो' म्हणणारे प्रोग्रॅम मात्र घेऊ नका. ते भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटतात आणि मग हलत नाहीत.

भाच्याला सांगा, फॉरमॅट नको. फॉरमॅटनं तुमची रेकॉर्डिंग जातील आणि गोठलेला ब्लूटूथ तसाच गोठलेला राहील, वर सगळे ड्रायव्हर पुन्हा घालायचं काम वाढेल.

आणि इतकं करूनही ब्लूटूथ नाहीच उठलं, म्हणजे तो भाग खरंच गेला असं धरलं, तरी साडेसात हजार लागत नाहीत. यूएसबीत खोचायचा ब्लूटूथ डोंगल चार-पाचशे रुपयांत येतो. घेताना ब्लूटूथच्या ५.० किंवा त्यापुढच्या आवृत्तीचा घ्या. तो लावल्यावर आतला जुना ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत असेल तर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा, कारण विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ सांभाळतं. डोंगल बाहेरच्या हार्ड डिस्कला चिकटून लावू नका. यूएसबी ३ ची तार काम करताना नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास कुरकुर करते. इंटेलनं २०१२ मध्येच त्यावर एक सविस्तर टिपण काढलं होतं. दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावलं की बहुतेक वेळा भागतं.

बटण परत आलं असं धरून आता शनिवार-रविवारच्या रुसव्याकडे वळू. हा भाग वाचताना मला हसू आलं, कारण उत्तर तुमच्याच पत्रात आहे: हेडफोन मुलाचा, आणि मुलगा शनिवार-रविवारी येतो.

ब्लूटूथमध्ये दोन उपकरणांची एकदा ओळख करून द्यावी लागते, त्याला पेअर करणं म्हणतात. त्या वेळी दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी नुसतं चालू केलं की जुळतं ते या किल्लीमुळे. हेडफोन अशा अनेक किल्ल्या लक्षात ठेवतो. चालू झाला की आपल्या जुन्या ओळखीच्यांना एकेक करून शोधत बसतो आणि जो आधी सापडेल त्याच्याकडे जातो. सोमवार ते शुक्रवार घरात फक्त लॅपटॉप. शनिवारी मुलगा आला की त्याचा फोन खिशातूनच हेडफोनला बोलावून घेतो. भिंत मध्ये असली तरी साधारण दहा मीटरपर्यंत हे चालतं, म्हणजे तो माजघरात जेवत असला तरी. मग तुमच्या लॅपटॉपवर हेडफोनच्या नावाखाली 'पेअर्ड' दिसत राहतं आणि 'कनेक्टेड' काही येत नाही. 'पेअर्ड' म्हणजे ओळख आहे, 'कनेक्टेड' म्हणजे आत्ता बोलणं चालू आहे. या दोन शब्दांतला फरक ध्यानात आला की ब्लूटूथची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

यावर पक्का उपाय मुलाच्या हातात आहे. त्यानं आपल्या फोनच्या ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावावर जाऊन 'फरगेट' किंवा 'अनपेअर' करावं. हेडफोन आता तुमचा आहे, त्यानं हक्क सोडावा. त्याला तो अधूनमधून लागत असेल तर निदान तुमच्या वर्गाच्या वेळी फोनचं ब्लूटूथ बंद ठेवावं. आयफोन असेल तर वरून ओढायच्या पडद्यातलं ब्लूटूथचं बटण दाबून भागत नाही. तिथे ते फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत जोडण्या तोडतं, पूर्ण बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं.

फोनमधून काढून झालं की लॅपटॉपवरही हेडफोनच्या नावासमोरच्या तीन टिंबांवर जाऊन 'रिमूव्ह डिव्हाइस' करा आणि नव्यानं ओळख करून द्या. एका बाजूची किल्ली पुसली आणि दुसऱ्या बाजूची राहिली, तर दोघं एकमेकांना बघतात आणि दार उघडत नाहीत. म्हणून पुसायचं तर दोन्हीकडून. हेडफोन आधी बंद करा. मग त्याचं बटण दाबून धरा. चालू झाला तरी सोडू नका. पाच-सात सेकंदांनी दिवा भराभर लुकलुकू लागेल, किंवा आतली बाई 'पेअरिंग' म्हणेल. तेव्हाच तो अनोळखी उपकरणांना दिसतो. नुसता चालू असलेला हेडफोन दिसत नाही, आणि 'यादीत नावच येत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेकदा इतकंच असतं. आता लॅपटॉपवर 'अॅड डिव्हाइस', मग 'ब्लूटूथ', आणि यादीतून तुमचं नाव. यादीत शेजारच्यांचा टीव्हीही दिसेल, त्याला हात लावू नका. नाव कोणतं आपलं हे कळेना तर हेडफोन बंद करून बघा, जे नाव जाईल ते तुमचं. हेडफोनसाठी आकडे सहसा विचारत नाहीत. फोन जोडताना मात्र दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात. ते सारखे आहेत का हे खरंच वाचून मगच 'हो' म्हणा, कारण ते आकडे त्यासाठीच आहेत.

आता डब्यातला आवाज. तुमच्या कामाच्या दृष्टीनं मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तुम्ही तो 'चालवून घेतलं' म्हणून एका ओळीत उडवलात.

ब्लूटूथचा नेहमीचा हेडफोन दोन पद्धतींनी चालतो. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा आवाज एकाच दिशेनं येतो, दोन्ही कानांत वेगवेगळा आणि बऱ्यापैकी भरदार. पण त्याच हेडफोनचा माईक चालू झाला की त्याला येणारा आणि जाणारा असे दोन आवाज एकाच वेळी सांभाळावे लागतात, आणि जुन्या ब्लूटूथची वाट तेवढी रुंद नाही. मग तो टेलिफोनच्या पद्धतीवर उतरतो. या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेतात, जरा बऱ्या हेडफोनात १६ हजार. नमुन्यांच्या निम्म्याच्या वरची कंपनं त्यात मावत नाहीत. म्हणजे ४ हजार हर्ट्झच्या, फार तर ८ हजारांच्या वरचं सगळं कापलं जातं. बोलणं कळायला तेवढं पुरतं. गाण्याला पुरत नाही. घोडीवर दोरा सरकवत सरकवत तुम्ही जी जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणक, लावता, तिची बरीचशी झळाळी वरच्या कंपनांत असते. जवारी कापलेला तंबोरा म्हणजे नुसतं घुंघुं. मुलींचा 'आ'कार डब्यातून येतो त्याचं कारण हेच, त्यांच्या गळ्यात दोष शोधू नका.

यातून सुटका एका निवडीनं होते. वर्ग ज्या ॲपवर घेता, झूम असो की मीट, त्याच्या ऑडिओच्या सेटिंगमध्ये माईक आणि स्पीकर वेगवेगळे निवडता येतात. स्पीकर म्हणून हेडफोन निवडा. माईक म्हणून मात्र लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा, यादीत तो 'मायक्रोफोन अॅरे' अशा नावानं असतो. हेडफोनचा माईक कुणी मागितलाच नाही की तो टेलिफोनवर उतरत नाही, आणि आवाज उघडतो. नव्या 'एलई ऑडिओ' तंत्रात ही अडचण बरीच कमी होते, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोघंही त्या पद्धतीचे लागतात. मुलाच्या जुन्या जोडीत ते असण्याची शक्यता कमी.

त्याच सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट. ही ॲप पंख्याचा आवाज, मिक्सरचा आवाज असा सलग चालणारा कुठलाही आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात. आणि तंबोरा तर सलगच चालतो! तुमच्या बाजूनं तंबोरा मुलींना ऐकू येत नसेल किंवा येत-जात असेल तर दोष तंबोऱ्याचा नाही. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय चालू करा. मीटवर आवाज साफ करायचा पर्याय दिसत असेल तर तो बंद करा.

खरं सांगू का, वर्गासाठी मी तुम्हाला तारेचाच हेडफोन सुचवेन. साधा, तीन-चारशेचा, लॅपटॉपच्या गोल भोकात जाणारा. ब्लूटूथमधून आवाज कानात पोचायला सहज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका उशीर होतो. बोलण्यात तो जाणवत नाही. पण लॅपटॉपवर तबला लावून तुम्ही द्रुत तीनतालात तान घ्यायला गेलात तर समेवर तुम्ही आणि तबला दोन वेगळ्या गावांत असाल. ब्लूटूथचा हेडफोन दुपारी जुनी रेकॉर्डिंग ऐकायला, स्वयंपाकघरात फिरत फिरत ऐकायला ठेवा. तिथे त्याची मजा आहे.

वायफायबद्दल तुमची तक्रार नाही, तरी एक. राउटर दोन नावं दाखवत असेल आणि त्यातल्या एकाच्या शेपटाला '५जी' असेल, तर लॅपटॉप त्या नावाला जोडा. मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. दुसरं नाव २.४ चं, म्हणजे जिथे तुमचा माऊस, हेडफोन आणि शेजाऱ्यांची निम्मी वायफायं आधीच गर्दी करून आहेत. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात तापतो. राउटर फार लांबच्या खोलीत असेल तर मात्र २.४ चं राहू द्या, ते भिंतीतून जास्त दूर जातं.

राहिलं काळी चारचं रेकॉर्डिंग. फोन अँड्रॉइडचा आहे असं धरतो, आयफोनवरून ब्लूटूथनं लॅपटॉपला फाइल जात नाही. इथे सगळे एकाच ठिकाणी फसतात: फोनवरून आधी पाठवतात. लॅपटॉप आपण होऊन फाइल घेत नाही, त्याला आधी ओंजळ पुढे करायला लावावं लागतं. फोन आणि लॅपटॉप पेअर करून झाले की 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' मध्ये 'डिव्हायसेस' या पानावर खाली 'सेंड ऑर रिसीव्ह फाइल्स व्हाया ब्लूटूथ' असं मिळेल. त्यात 'रिसीव्ह फाइल्स' दाबा. 'वेटिंग फॉर अ कनेक्शन' अशी खिडकी उघडी राहील. ती बंद न करता मग फोनवरून पाठवा. ३० एमबीच्या फाइलला दोन-तीन मिनिटं लागतील. लांबलचक रेकॉर्डिंग असतील तर चार्जिंगची वायर लावून फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा, कितीतरी लवकर होतं.

इतकं करून पिवळा त्रिकोण हललाच नाही, तर त्या ओळीतले इंग्रजी शब्द जसेच्या तसे आणि लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून पाठवा. सिरियल नंबर नको. मग खाचेतलं कार्ड बदलता येतं का ते मॉडेल बघून सांगतो.

ता.क. लॅपटॉप उपाशी ठेवताना माऊसचा तो नखाएवढा तुकडा काढाल, तो एखाद्या वाटीत ठेवा. केरात गेला तर तो माऊस बहुधा कायमचा मुका होईल, आणि मग त्याचंही पत्र मलाच येईल.